मोतीबिंदूची चीर किती मोठी?

भामरागड-एटापल्लीकडची म्हातारी माणसे पुष्कळदा मोतीबिंदू पुरता पिकेपर्यंत घरीच बसतात. शिबिरात येतात तेव्हा डोळ्यातले भिंग चिंचोक्यासारखे तपकिरी नि कठीण झालेले असते. ते बाहेर काढायला वाट किती रुंद ठेवायची, हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही.

पूर्वी बुबुळाच्या कडेने दहा-बारा मिलिमीटरची अर्धगोल चीर देत. भिंग निघे, परंतु तोवर डोळा उघडा राही, आतला दाब एकाएकी उतरे, क्वचित आत रक्तस्रावही होई. शिवाय टाके आलेच. टाका ओढून बसला की बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची गोलाई बिघडते आणि दिसणे पुसट होते. टाके दाखवायला पुन्हा यायचे, आणि पर्लकोटेच्या पुराने भामरागडची वाट कित्येक पावसाळ्यांत तुटलेली आहे!

दुसऱ्या रीतीत चीर सहा-सात मिलिमीटरचीच, डोळ्याच्या पांढऱ्या भागात, बोगद्यासारखी तिरकस. आतल्या पाण्याचा दाबच तिचे तोंड मिटवून धरतो. टाका बहुधा लागत नाही. पुण्याच्या देसाई नेत्ररुग्णालयात ७४१ रोग्यांवर या दोन रीती ताडून पाहिल्या. निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. सहा आठवड्यांनी चष्म्यावाचून ६/१८ किंवा अधिक चांगले दिसणारे मोठ्या चिरेत शेकडा ३७ होते, लहान चिरेत ४८.

मग आणखी लहान का नको? १९६७ साली अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी कंपनांनी भिंग आतच फोडून शोषून घेण्याची युक्ती काढली. आता तिला तीनएक मिलिमीटर पुरतात, घडीचे कृत्रिम भिंगही त्यातूनच आत जाते. चष्म्यावाचूनची नजर तिच्यात बहुधा अधिक चांगली, हे मान्य केलेच पाहिजे. पण यंत्र महाग, वीज हवी, आणि चिंचोका फोडायला कंपने जास्त द्यावी लागली तर पडद्याच्या आतल्या नाजूक पेशी दुखावतात. नेपाळातील २००७ सालच्या तुलनेत बोगद्याच्या रीतीला सरासरी नऊ मिनिटे लागली, यंत्राला साडेपंधरा. सहा महिन्यांनी चष्मा लावून दोन्हीकडे शेकडा ९८ जणांना चांगले दिसत होते. वरोऱ्याच्या आनंदवनात डॉ. तात्याराव लहाने यांच्या पथकाने घेतली तशा शिबिरांत, दाराशी रांग असताना, ही साडेसहा मिनिटे मोजावीच लागतात.

बोगदाही हट्टाने अरुंद ठेवू नये. भिंग मोठे असले तर ओढाताणीत पडदाच घासतो. तेव्हा जाणता सर्जन चीर मिलिमीटरभर वाढवतो.

घरी गेल्यावर डोळा चोळू नये, डॉक्टर सांगतील तितके दिवस डोळ्यांत पाणी जाऊ देऊ नये. डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा दिसणे कमी झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, मग शेतात रोवणी का चालू असेना.