समाजकार्यासाठी विलायतेला जाताना

आपल्या गावांतून 'समाजसेवक' हा शब्द फार सढळ हाताने वापरला जातो. दुष्काळात पाण्याचा टँकर आणणारा समाजसेवक, गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करणारा समाजसेवक, आणि निवडणुकीच्या सुमारास ज्याचे नाव भिंतीवर रंगविलेले दिसते तोही समाजसेवकच! त्यात वावगे काही नाही. सेवा करणाऱ्याला परवाना विचारू नये, अशी आपली जुनी समजूत आहे. पण एखाद्या शेतकऱ्याची मुलगी एम.एस.डब्ल्यू. होते आणि घरी येऊन सांगते, "मला इंग्लंडमध्ये सोशल वर्कर म्हणून जायचे आहे," तेव्हा घरातली माणसे बुचकळ्यात पडतात. "समाजसेवा करायला इतक्या दूर कशाला? इथे दुःख थोडे आहे का?" असे आजी विचारते. "आणि सेवेला पगार कसला?" असे वडील विचारतात. मग शाळेतल्या गुरुजींकडे किंवा बाईंकडे सल्ल्यासाठी धाव घेतली जाते. आजचे चार शब्द त्या मुलीसाठी, तिच्या वडिलांसाठी आणि विशेषेकरून त्या गुरुजींसाठी आहेत.

प्रथम आजीच्या प्रश्नाकडे वळू. समाजकार्य ही शिकून करावयाची विद्या आहे, ही कल्पना मुळात आपल्याकडे बाहेरून आली. लंडनच्या पूर्व भागातील दरिद्री वस्तीत १८८४ साली टॉयन्बी हॉल ही संस्था निघाली. शिकलेल्या तरुणांनी गरिबांच्या शेजारी राहावे, त्यांचे जिणे जवळून पाहावे, हा तिचा हेतू. ती पाहून जेन अ‍ॅडम्स या अमेरिकन बाईंनी १८८९ साली शिकागोत हल हाऊस काढले. पुढे शिकागोतच शिकलेले क्लिफर्ड मॅनशार्ट हे मिशनरी गृहस्थ १९२५ साली मुंबईस आले आणि नागपाड्याच्या कामगार वस्तीत त्यांनी तसेच काम आरंभले. त्या अनुभवातून १९३६ साली समाजकार्य शिकविणारी देशातील पहिली संस्था मुंबईत उभी राहिली. सर दोराबजी टाटा यांच्या नावाने निघालेली ही शाळा म्हणजेच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. तिच्यामागून १९५५ साली मुंबईस निर्मला निकेतन आले, १९६३ साली पुण्यास कर्वे समाजसेवा संस्था आली. म्हणजे लंडनहून शिकागोला, शिकागोहून नागपाड्याला असा ही विद्या प्रवास करीत आली. आपली मुलगी आता तीच वाट उलट दिशेने चालू पाहते, एवढेच. तेव्हा जाणे मुळातच चुकीचे, असे कोणी म्हणू नये. जाताना काय समजून जावे, हा खरा प्रश्न आहे.

समजून घ्यावयाची मुख्य गोष्ट ही. इंग्लंडातला सोशल वर्कर हा कनवाळू माणूस असावा अशी अपेक्षा असतेच, पण त्याच्या कामाला कायद्याचे बळ असते. त्याने लिहिलेला अहवाल न्यायालयात वाचला जातो आणि त्यावरून एखादे मूल आईजवळ राहणार की नाही, हे ठरू शकते. म्हणूनच तेथे 'सोशल वर्कर' हे बिरुद कोणालाही लावता येत नाही. २००५ सालापासून इंग्लंडात या पदनामाला कायद्याचे संरक्षण आहे. मान्य पदवी आणि अधिकृत नोंदणी नसताना स्वतःला सोशल वर्कर म्हणविणे हा तेथे गुन्हा होतो. डॉक्टर किंवा वकील या शब्दांना आपण जसे जपतो, तसाच हा प्रकार. नोंदणीचे काम २०१९ पासून 'सोशल वर्क इंग्लंड' ही संस्था पाहते. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांच्या नोंदणीसंस्था वेगळ्या आहेत. इंग्लंडात नोंदले गेलेले नाव आपोआप स्कॉटलंडात चालत नाही, हे ध्यानात ठेवावे. नोंदणी दर वर्षी नवी करावी लागते आणि वर्षभरात आपण नवे काय शिकलो, हेही दाखवावे लागते.

आपल्याकडे या शब्दाभोवती असे कुंपण नाही. सहयोगी आरोग्य व्यवसायांसंबंधी जो केंद्रीय कायदा २०२१ साली झाला, त्याच्या यादीत रुग्णालयातील आणि मनोविकार क्षेत्रातील समाजकार्यकर्ते आले आहेत. परंतु सगळ्या समाजकार्याला मिळून एक नोंदणी नाही. त्यामुळे पदवीचे प्रमाणपत्र हाती आले की काम झाले, असे आपल्या विद्यार्थ्यांना वाटते. तेथे मात्र पदवी तपासली जाते, प्रत्यक्ष केलेल्या कामाचा पुरावा मागितला जातो, इंग्रजीचीही पारख होते. ज्यांनी येथे जिल्हा बाल संरक्षण कक्षात काम केले, बालकल्याण समितीपुढे अहवाल मांडले, त्यांचा तो अनुभव फार मोलाचा ठरतो. तेव्हा पदवीनंतर दोन-तीन वर्षे इथेच, आपल्या भाषेत, आपल्या माणसांत चांगले काम करून मग अर्ज करावा, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो.

आता हे काम असते तरी कसे? बहुतेक सोशल वर्कर तेथील नगरपालिकेचे, म्हणजे कौन्सिलचे, नोकर असतात. कोणी मुलांच्या विभागात, कोणी वृद्धांच्या, कोणी अपंगांच्या, तर कोणी मनोरुग्णांच्या विभागात. एखाद्या शाळेतून फोन येतो, की अमुक मुलाच्या अंगावर वळ दिसले. सोशल वर्कर त्या घरी जातो, मुलाशी एकट्याशी बोलतो, घर पाहतो, शाळा, डॉक्टर आणि पोलीस यांच्याकडून माहिती घेतो आणि सारे लिहून ठेवतो. या लिहिण्याला फार वेळ जातो, हे आधीच सांगून ठेवतो. १९८९ च्या बालक कायद्याने मुलाला गंभीर इजा होत असल्याची वाजवी शंका आली तर चौकशी करणे हे कौन्सिलचे कर्तव्यच ठरविले आहे. न्यायालयाने निर्णय देताना मुलाचे हित सर्वांच्या वर मानावे, असेही तो कायदा सांगतो.

तुम्ही म्हणाल, मग हा माणूस मनात येईल तेव्हा मूल उचलून नेतो काय? नाही. ही समजूत आपल्याकडे पुष्कळ पसरली आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. सोशल वर्करला स्वतःच्या अधिकारात मूल घरातून नेता येत नाही. तातडीचा धोका असेल तर पोलीस मुलाला जास्तीत जास्त ७२ तास संरक्षणात ठेवू शकतात. न्यायालयाकडून तातडीचा हुकूम मिळाला तर तो प्रथम फार तर आठ दिवसांचा असतो. पुढचे सारे न्यायालयात, आईबापांचे म्हणणे ऐकून ठरते. अधिकार आहे, पण त्याला दोन्ही बाजूंनी बांध घातलेला आहे.

तरीही हे शेवटी माणसांचे काम, आणि ते दोन्ही बाजूंनी वादात सापडते. नॉर्वेतील स्टाव्हांगर शहरात २०११ साली एका भारतीय दांपत्याची दोन लहान मुले तेथील बालकल्याण खात्याने ताब्यात घेतली. हाताने भरविणे, मुलाला आपल्याच बिछान्यात निजविणे यांवर आक्षेप घेतले गेले, असे आईबापांचे म्हणणे. चालीरीतींमुळे आम्ही असे केले नाही, असे खात्याचे म्हणणे. आणि गोपनीयतेमुळे खरी कारणे त्यांनी उघड केली नाहीत. आपल्या सरकारने त्यात लक्ष घातले, २०१२ साली मुले काकांच्या हवाली झाली आणि २०१३ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने ती आईला दिली. ही हकीकत आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. तिच्यावर पुढे चित्रपटही निघाला.

दुसरी हकीकत आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही, पण विलायतेला निघालेल्या मुलीने ती आधी वाचावी. व्हिक्टोरिया क्लिंबी ही आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट देशातली मुलगी. शिक्षणासाठी म्हणून तिला एका नातेवाईक बाईबरोबर युरोपात धाडले होते. चांगल्या शाळेच्या आशेने मूल नातलगांकडे पाठविणे आपल्याला काही अपरिचित नाही. लंडनमध्ये ती बाई आणि तिचा सोबती यांनी त्या मुलीचे अतोनात हाल केले आणि फेब्रुवारी २००० मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी, ती मरण पावली. लॉर्ड लेमिंग यांनी चौकशी करून २००३ साली अहवाल दिला. चार कौन्सिलांच्या समाजसेवा खात्यांशी, दोन रुग्णालयांशी आणि पोलिसांशी तिचा संबंध आला होता. तिला वाचविण्याच्या बारा संधी आल्या आणि गेल्या.

त्या अहवालातील एक बारीकशी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ती मुलगी आपल्या पालकांसमोर शिपायासारखी ताठ उभी राहत असे. हे सोशल वर्करच्या कानी आले होते. पण आफ्रो-कॅरिबियन कुटुंबांत मोठ्यांचा मान राखण्याची रीतच असते, अशी तिने समजूत करून घेतली. भीती होती, आणि ती शिस्त म्हणून वाचली गेली. तसेच, त्या चार कौन्सिलांपैकी एका ठिकाणी पहिली तक्रार हाताळणारे कार्यकर्ते परदेशात शिकलेले आणि तात्पुरत्या नेमणुकीवरचे होते, हेही चौकशीत नमूद झाले. परदेशातून येणाऱ्याला दया नसते, असा याचा अर्थ नव्हे. तिथला कायदा, तिथली पद्धत अंगवळणी पडण्याआधीच केसेसचा भार त्याच्या डोक्यावर येतो, असा आहे.

गुरुजनहो, येथे आपला संबंध येतो. वर्गात गप्प बसणाऱ्या मुलाला आपण 'गुणी' म्हणतो. वडील आत येताच उठून उभे राहणाऱ्या मुलीला 'वळण चांगले आहे' म्हणतो. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण एखाद्या वेळी ते वळण नसते, धाक असतो. 'छडी लागे छमछम' म्हणत आपल्या पिढ्या वाढल्या. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेतील मारास बंदी केली, तरी घरातल्या चापटीबद्दल आपल्याला फारसे काही वाटत नाही. स्कॉटलंडने २०२० साली आणि वेल्सने २०२२ साली आईबापांनी मारण्यासही कायद्याने मनाई केली. आपल्या घरचे माप घेऊन दुसऱ्याचे घर मोजू नये, हे जितके खरे, तितकेच 'त्यांच्यात असेच असते' म्हणून डोळेझाक करू नये, हेही खरे. या दोहोंमधून वाट काढणे हीच या कामातली खरी विद्या. ज्या मुलीने मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगारांच्या पालावर जाऊन मुलांशी बोलण्याची सवय केली आहे, तिला लंडनच्या दहाव्या मजल्यावरच्या घरात गप्प बसलेले मूल दिसेल, असा माझा विश्वास आहे. मात्र 'का गप्प?' हे विचारण्याची सवय तिने सोडता कामा नये.

आता पैशाच्या बाबतीत सावधगिरीची गोष्ट. 'सोशल वर्कर' आणि 'केअर वर्कर' ही दोन वेगळी कामे आहेत. केअर वर्कर वृद्धांना आंघोळ घालतो, भरवितो, औषधाच्या वेळा सांभाळतो. ते मोलाचे काम आहे, कमी प्रतीचे मुळीच नाही. पण त्याला सोशल वर्करची पदवी लागत नाही आणि ते केल्याने ती नोंदणीही मिळत नाही. २०२२ साली ब्रिटनने परदेशी केअर वर्करांना दार उघडले तेव्हा अनेक दलालांनी या दोन शब्दांची सरमिसळ करून लोकांकडून लाखो रुपये उकळले. मार्च २०२४ पासून नव्याने जाणाऱ्या केअर वर्करांना कुटुंब बरोबर नेण्यास मनाई झाली आणि जुलै २०२५ मध्ये परदेशातून अशी नवी भरतीच बंद झाली. तेव्हा 'केअरच्या व्हिसावर आधी जा, मागाहून सोशल वर्कर व्हा' असे कोणी सांगू लागला, तर त्याला चहा पाजावा आणि वाटेला लावावे.

क्रम असा ठेवावा. आधी नोंदणी, मग नोकरी, मग व्हिसा. नोंदणीचा अर्ज स्वतः करता येतो, त्याला दलाल लागत नाही. नोकरी देणाऱ्या संस्थेला परदेशी माणसे बोलावण्याचा परवाना आहे की नाही, याची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. ती गुरुजींनी शाळेच्या संगणकावर मुलीला काढून दाखवावी. नोकरी मिळवून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घेण्यास तेथील कायद्याची सर्वसाधारणपणे मनाई आहे. आपल्याकडेही १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याने परदेशी भरती करणाऱ्यांवर नोंदणीचे बंधन घातले. ज्याच्याजवळ नोंदणी क्रमांक नाही, त्याच्या हाती सातबारा गहाण ठेवून पैसा देऊ नये.

राहिला वडिलांचा प्रश्न, सेवेला पगार कसला? गावची नर्सबाई पगार घेते, शिक्षक पगार घेतो, म्हणून त्यांची सेवा खोटी ठरत नाही. पगार घेणाऱ्याला जाब विचारता येतो, आणि ज्याच्या शब्दावर एखाद्या लेकराचे घर ठरायचे, त्याला जाब विचारता आलाच पाहिजे. मुलगी जाण्यास निघाली, तर तिला एवढेच विचारा: नोंदणीचा अर्ज केलास का, तिथला बालक कायदा वाचलास का, आणि पहिल्या वर्षी तुझ्या कामावर देखरेख कोण करणार, हे मालकाकडून लिहून घेतलेस का? तिन्हींची उत्तरे 'होय' असतील, तर तिला निःशंक मनाने निरोप द्या. एकाचेही उत्तर 'नाही' आले, तर तिकीट काढण्याआधी ते काम पुरे करायला सांगा.