वितळवलेल्या रुपयांचा चषक

मुंबईत गिरगावच्या ठाकूरद्वार नाक्यावरून जगन्नाथ शंकरशेट रस्त्याने धोबीतलावाला यायचं आणि मेट्रो सिनेमा ओलांडून आझाद मैदानाच्या कडेकडेने चालत राहायचं. अर्ध्या तासात बॉम्बे जिमखान्याचं कुंपण लागतं. भर पावसात तिथे रग्बीचा हंगाम असतो. उन्हाळ्यातली जमीन दगडासारखी असते. चिखल पडणाऱ्याला सांभाळून घेतो.

कबड्डीतली पकड पाहत वाढलेल्या गिरगावकराला हा खेळ परका वाटायचं कारण नाही. पंधरा-पंधरा जणांचे दोन संघ, ८० मिनिटं आणि अंडाकृती चेंडू. तो हाताने पुढे फेकता येत नाही. पुढे न्यायचा तर घेऊन पळायचं, नाहीतर पायाने मारायचा. चेंडू ज्याच्याकडे असेल त्याला कवेत घेऊन पाडायची मुभा असते.

युरोपातल्या क्लबांचा सर्वांत मानाचा चषक सुरू झाला १९९५ मध्ये. मात्र क्लबांसाठी दरवर्षी एक चषक ठेवावा, ही सूचना त्याआधी शंभराहून अधिक वर्षं भारतातून इंग्लंडला गेली होती. कोलकात्याचा रग्बी क्लब स्थापन झाला १८७३ मध्ये. थोड्याच वर्षांत तिथला फुकटचा बार बंद झाला, फौजेची रेजिमेंट हलली, उरलेले टेनिस-पोलोकडे वळले. १८७८ मध्ये क्लब मोडताना सभासदांनी बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून घेतली आणि ते २७० रुपये वितळवून चषक घडवला. त्याचे तीन कान म्हणजे तीन नाग, झाकणावर हत्ती. हा चषक क्लबांच्या स्पर्धेसाठी वापरावा, अशी त्यांची इच्छा होती. इंग्लंडच्या रग्बी युनियनला ती मानवली नाही. चषक इंग्लंड-स्कॉटलंड सामन्याला दिला गेला आणि १८७९ पासून आजतागायत ‘कलकत्ता कप’ त्याच दोन देशांत खेळला जातो. इंग्लंडच्या क्लबांना स्वतःची बाद फेरीची राष्ट्रीय स्पर्धा मिळाली ती थेट १९७१-७२ च्या हंगामात!

चषकामागून पैसा येईल आणि हौशी खेळ बिघडेल, ही भीती जुनी होती. ऑगस्ट १९९५ मध्ये रग्बीने खेळाडूंना पैसे देणं अधिकृत केलं आणि दोनच महिन्यांत युरोपातल्या क्लबांचा तो चषक, ‘हायनेकेन कप’, उभा राहिला. पहिला सामना रुमानियात, काळ्या समुद्राकाठच्या कॉन्स्टान्त्सा शहरात झाला. संघ १२ होते. इंग्लंड-स्कॉटलंडचे क्लब आलेच नव्हते. जानेवारी १९९६ मधल्या अंतिम सामन्यात फ्रान्सच्या तुलूझने कार्डिफला त्यांच्याच शहरात, अतिरिक्त वेळेत २१-१८ असं हरवलं. हायनेकेन ही बीअर आणि फ्रान्समध्ये मद्याच्या जाहिरातीला बंदी, म्हणून तिथे नाव नुसतं ‘एच कप’ होतं. पैसे आणि प्रवेशाच्या जागांवरून इंग्लिश व फ्रेंच क्लबांनी ताणून धरलं, तेव्हा २०१४ मध्ये त्याच्या जागी ‘चॅम्पियन्स कप’ आला. तुलूझने २०२४ पर्यंत सहा वेळा हे विजेतेपद मिळवलं.

आपल्याकडची अखिल भारतीय रग्बी स्पर्धा मात्र १९२४ पासूनची, म्हणजे युरोपच्या चषकापेक्षा ७१ वर्षांनी थोरली. सुरुवातीला तीत ब्रिटिशांचे क्लब आणि पलटणीच असत. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याचं सभासदत्वही तेव्हा गोऱ्यांपुरतंच होतं. गिरगावच्या चाळीतल्या पोराने हा खेळ पाहिला असेल तर तो कुंपणाबाहेरूनच.

स्वातंत्र्यानंतर हा खेळ भारतीयांच्या हाती आला. जिमखान्याकडून खेळणारे अभिनेते राहुल बोस १९९८ मध्ये भारताच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय संघात होते; पुढे ते राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षही झाले.

कुंपण खऱ्या अर्थाने ओलांडलं ते समोरच्या फुटपाथवर राहणाऱ्या मुलांनी. जिमखान्यात सराव करणारे इंग्रज खेळाडू मॅथ्यू स्पेसी यांना ही मुलं रोज टक लावून पाहताना दिसायची. त्यांनी मुलांना आत बोलावलं, हातात चेंडू दिला. त्यातून १९९९ मध्ये ‘मॅजिक बस’ ही संस्था उभी राहिली आणि तिथे खेळायला शिकलेले खेळाडू पुढे भारतीय संघापर्यंत पोहोचले.

जून २०२५ मध्ये अंधेरीच्या क्रीडासंकुलात सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग झाली, सात-सात जणांची. परदेशातले नामवंत खेळाडू आणि भारतीय मुलं एकाच संघाच्या जर्सीत उतरली होती. पहिलं विजेतेपद चेन्नईने नेलं.