जुन्या कन्सोलचा आवाज प्लगइनमध्ये नेमका कुठे असतो?

रूपर्ट नीव्ह यांच्या कंपनीने १९७० साली लंडनच्या वेसेक्स स्टुडिओच्या कन्सोलसाठी १०७३ हे मॉड्यूल बनवले. आज त्याच्या नकला सॉफ्टवेअरच्या रूपात कोणत्याही लॅपटॉपवर चालतात, आणि त्यांच्याबद्दलचा सगळ्यांत चिवट गैरसमजही त्यांच्यासोबतच चालत आला आहे. तो असा की साधा डिजिटल ईक्यू नुसते आकडे वरखाली करतो, तर अशा नकलेत अॅनालॉग सर्किटची खास ‘फेज’ असते आणि म्हणून ती आवाज गोड करते. वस्तुस्थिती वेगळी आहे. १०७३ असो, एपीआयचा ५५० असो की कुठल्याही डीएडब्ल्यूसोबत फुकट येणारा ईक्यू असो, हे जवळजवळ सगळे ‘मिनिमम फेज’ प्रकारातले आहेत. या प्रकारात कोणती फ्रिक्वेन्सी किती उचलायची हा आलेख एकदा ठरला की फेज किती सरकणार हेही त्याच क्षणी ठरून जाते. त्यासाठी वेगळी जादू शिल्लकच राहत नाही. हे कुणालाही तपासता येते. एकच गायनाचा ट्रॅक दोनदा घ्यावा. एकावर नकलेचा १२ किलोहर्ट्झचा शेल्फ ४ डेसिबल उचलावा, दुसऱ्यावर साध्या ईक्यूने तोच आलेख विश्लेषकात पाहून हुबेहूब जुळवावा, एकाची पोलॅरिटी उलटी करावी आणि दोन्ही एकत्र वाजवावे. ट्रॅकची पातळी मध्यम असेल आणि जुळणी नीट झाली असेल, तर उरते ते जवळजवळ मौन.

यावर लगेच आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: दोन्हीकडे ३ किलोहर्ट्झला ३ डेसिबल लावले तरी फरक स्पष्ट ऐकू येतो, त्याचे काय? फरक खरा आहे, पण आकडे सारखे म्हणजे आलेख सारखा नव्हे. ५५० मध्ये बूस्ट कमी असताना पट्टा रुंद असतो आणि बूस्ट वाढवत नेला की तो अरुंद होत जातो. १०७३ चा वरचा शेल्फ १२ किलोहर्ट्झचा म्हणवला जात असला तरी त्याचा चढ इतका सौम्य आहे की तो बराच खालून सुरू होतो, म्हणून गाण्यातली हवा आणि शब्दांची धार एकत्रच वर येते. आणखी एक कारण जुन्या डिजिटल ईक्यूंचे आहे. ४४.१ किलोहर्ट्झच्या प्रोजेक्टमध्ये २२.०५ किलोहर्ट्झच्या पुढे काही असूच शकत नाही, त्यामुळे साध्या गणिताने बनवलेला १६ किलोहर्ट्झचा उंचवटा त्या भिंतीपाशी आक्रसून एका अंगाला झुकतो. ‘डिजिटल कर्कश’ ही तक्रार काही अंशी इथूनच आली असावी. चांगल्या आधुनिक ईक्यूंनी हा दोष केव्हाच दूर केला आहे. शिवाय बूस्ट केले की एकूण आवाज मोठा होतो, आणि कानाला मोठे ते चांगले वाटते. पातळी समान न करता केलेली तुलना म्हणून मी ग्राह्यच धरत नाही.

मग नकलेचे असे खास काय उरते? उरते ती विकृती, म्हणजे डिस्टॉर्शन, आणि माझ्या मते सगळी चर्चा तिथेच व्हायला हवी. १०७३ च्या प्रवेशाला आणि बाहेर पडायला ट्रान्सफॉर्मर आहेत. त्यांच्या लोखंडी गाभ्यावर खालच्या फ्रिक्वेन्सीचा ताण जास्त पडतो, कारण व्होल्टेज तेच ठेवून फ्रिक्वेन्सी निम्मी केली की गाभ्यातला चुंबकीय प्रवाह दुप्पट होतो. म्हणून जोरकस बेस गिटार किंवा किक ड्रमवर नवे हार्मोनिक उमटतात आणि नाजूक बासरीवर क्वचितच. मघाचीच चाचणी बेसच्या ट्रॅकवर, पातळी १२ डेसिबलने वाढवून करावी. आता मौन राहत नाही, खाली एक खरखरीत, बेसच्याच सुराला धरून असलेला अवशेष ऐकू येतो. नकलेचे वेगळेपण म्हणतात ते हेच, आणि ते पातळीवर अवलंबून असते. अनेक प्लगइन उणे १८ डीबीएफएस म्हणजे जुन्या कन्सोलचा शून्य व्हीयू असे धरून बांधलेले असतात. ट्रॅक त्याहून फार खाली असेल तर सुंदर रंगवलेल्या पॅनेलमागे एक साधा ईक्यूच काम करत असतो. उलट दिशेचा धोकाही आहे. १० किलोहर्ट्झच्या सुराचा तिसरा हार्मोनिक ३० किलोहर्ट्झला पडतो, ४४.१ च्या प्रोजेक्टमध्ये ओव्हरसॅम्पलिंग नसेल तर तो दुमडून १४.१ किलोहर्ट्झला येतो, जिथे त्याचे मूळ सुराशी काहीच नाते नसते. अस्सल अॅनालॉग सर्किटमध्ये हे होत नाही.

‘प्रत्येक ट्रॅकवर लावा, मिक्स कन्सोलसारखा एकजीव होतो’ हा सल्लाही याच कसोटीवर घासून पाहावा. थोडी थोडी विकृती साठत जाते, हे मान्य. पण खऱ्या कन्सोलमध्ये ट्रॅक फक्त ईक्यूतून जात नसत. ते पुढे समिंग अँप्लिफायरमध्ये एकत्र येत, आणि तिथे सगळ्या वाद्यांवर मिळून होणारी विकृती वेगवेगळ्या ट्रॅकवर सुटी सुटी विकृती लावून तयार होत नाही. साठते मात्र दुसरे काहीतरी: जुन्या सर्किटच्या पार्श्वआवाजाची नकली खरखर ज्यांत सुरू आहे असे ३२ ट्रॅक एकत्र केले की खरखर एका ट्रॅकच्या तुलनेत १५ डेसिबल वर जाते.

पडद्यावरच्या चित्राबद्दलही सावध राहावे. एसएसएल ४००० ई या एकाच मालिकेत तपकिरी आणि काळ्या नॉबचे वेगवेगळे ईक्यू आहेत, आणि एकाच प्रकारच्या दोन मॉड्यूलमध्येही सुट्या भागांची मूल्ये तंतोतंत जुळत नाहीत. नक्कल बहुतेकदा एखाद्या ठरावीक नमुन्याची असते. ‘१०७३ चा आवाज’ म्हणून जो विकला जातो, तो त्या एका नमुन्याचा आवाज.

तरीही मोठमोठे मिक्सिंग इंजिनिअर हीच प्लगइन वापरतात, हा आक्षेप मी हलका मानत नाही. १०७३ च्या मधल्या पट्ट्यात ३६० हर्ट्झपासून ७.२ किलोहर्ट्झपर्यंत फक्त सहा थांबे आहेत. ते थांबे, त्यांची रुंदी, शेल्फचा चढ हे सगळे अनुभवी माणसांनी ठरवलेले आहे, आणि त्यामुळे निर्णय लवकर होतो, आलेखाकडे टक लावून बसण्याऐवजी कान कामाला लागतात. हा लाभ पैसे मोजण्याजोगा आहे. तो सरळ सांगावा, ‘ऊबदारपणा’च्या नावाखाली विकू नये. विक्रेत्याने त्याऐवजी तीन गोष्टी छापाव्यात: नक्कल कोणत्या मॉड्यूलची, शून्य व्हीयू किती डीबीएफएसला धरला आहे आणि ओव्हरसॅम्पलिंग किती पट आहे.