पुन्हा दिसलेला स्फोट

आज एका ताऱ्याची गोष्ट. तो मेला एकदाच, पण त्याचा मृत्यू माणसांनी पुन्हा पुन्हा पाहिला.

नऊ अब्ज वर्षांहूनही आधी तो फुटला. तेव्हा आपली पृथ्वी तर सोडाच, सूर्यही जन्माला आला नव्हता. स्फोटाचा प्रकाश आपल्याकडे निघाला. वाटेत, आपल्यापासून सुमारे पाच अब्ज प्रकाशवर्षांवर, दीर्घिकांचा एक प्रचंड समूह होता. जड वस्तू भोवतालचा अवकाश वाकवते, हे आईन्स्टाईननं सांगून ठेवलंय. त्या वाकलेल्या अवकाशातून प्रकाशाला अनेक वाटा फुटल्या. एकाच वेळी गाव सोडलेल्या दोघांतला एक घाटातून आला आणि दुसरा डोंगराला वळसा घालून, तर दोघं एकदम कसे पोचतील? शिवाय जिथं वस्तुमान दाट, तिथं काळही संथ चालतो, म्हणून उशीर आणखी वाढतो.

या उशिराचं मोल 1964 साली स्यूर रेफ्सडाल या नॉर्वेजियन तरुणानं ओळखलं. आकाशात प्रकाश असा वाकवणारं गुरुत्वीय भिंग तोवर कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं. पहिलं सापडलं 1979 साली! रेफ्सडालचं म्हणणं असं: भिंगातून दिसणाऱ्या प्रतिमा अंतरांचं नुसतं प्रमाण सांगतात, खरं माप देतो तो उशीर. विश्व सावकाश प्रसरण पावत असेल तर अंतरं मोठी आणि उशीर जास्त. वेगानं पावत असेल तर उशीर कमी.

नोव्हेंबर 2014 मध्ये हबल दुर्बिणीच्या छायाचित्रांत खगोलशास्त्रज्ञ पॅट्रिक केली यांना त्या समूहातल्या एका दीर्घिकेभोवती एकाच स्फोटाचे चार ठिपके दिसले. स्फोटाला नाव दिलं रेफ्सडालचंच. तो मात्र 2009 मध्येच गेला होता. मला याची फार हळहळ वाटते.

आता खरी गंमत ऐका. समूहातलं वस्तुमान कुठं किती आहे याचे नकाशे करून शास्त्रज्ञांनी आधीच छापून टाकलं, की हाच स्फोट जवळच अमुक जागी पुन्हा दिसेल. हबल त्या जागेवर डोळा ठेवून राहिली. 11 डिसेंबर 2015 च्या छायाचित्रात तो दिसला! ग्रहणाचं भाकीत आपण ऐकतो, पण स्फोटाचं भाकीत? माणसाच्या बुद्धीचा इतका अभिमान मला क्वचितच वाटला आहे.

आधीच्या ठिपक्यांच्या मानानं उशीर भरला सुमारे 376 दिवसांचा. त्यावरून 2023 मध्ये प्रसरणाचा वेग निघाला: दर 32.6 लाख प्रकाशवर्षांच्या अंतरामागे सेकंदाला 65 ते 67 किलोमीटर. विश्वाच्या बालपणीच्या प्रकाशावरून साधारण 67 येतो, तर जवळचे तारे आणि स्फोट मोजले की 73. हा तंटा जुना आहे. रेफ्सडालच्या स्फोटाचा कौल पहिल्या आकड्याकडे झुकतो. पण वस्तुमानाच्या नकाशात थोडी चूक असली तरी उत्तर हलतं, त्यामुळे तेवढ्यावर निकाल लागत नाही. जेम्स वेब दुर्बिणीला सापडलेल्या अशाच दुसऱ्या एका स्फोटावरून वेग सुमारे 75 निघालाय, त्यातही चुकीला वाव मोठा. आता चिलीतली रुबिन वेधशाळा असे आणखी स्फोट हुडकेल. प्रत्येकाचा उशीर मोजायचा, नकाशे पुन्हा तपासायचे.