टी.सी.चा हात कुठवर पोचतो?

रात्रीची वेळ आहे. मलकापूर मागे पडले आहे. शेगावला दर्शनाला निघालेली एक बाई डब्यात एकटीच बसली आहे आणि तिच्याजवळ तिकीट नाही. घाईत काढायचे राहिले म्हणा, हरवले म्हणा. टी.सी. येतो, पैसे मागतो. तेही तिच्याजवळ पुरेसे नाहीत. आता पुढचे स्टेशन आले की तो तिला खाली उतरवणार, असेच आपल्यापैकी पुष्कळांना वाटेल. पण तसे त्याला करता येत नाही.

रेल्वेवर पोलिस दोन तऱ्हेचे. लोहमार्ग पोलिस राज्य सरकारचे; चोरी-मारामारीचे गुन्हे त्यांच्याकडे. रेल्वे सुरक्षा बल केंद्राचे, १९५७ च्या कायद्याने उभे राहिलेले. टी.सी. या दोहोंतला नव्हे. तो काळ्या कोटातला साधा नोकरदार. परंतु धावत्या गाडीत डब्याडब्याला शिपाई आणायचे कोठून? म्हणून १९८९ च्या रेल्वे कायद्याने पोलिसी अधिकाराचा एक लहानसा तुकडा रेल्वेच्या नोकरांच्याही हाती दिला आहे.

तिकीट पाहणे, भाडे व जादा आकार मागणे हा टी.सी.चा अधिकार. जादा आकार भाड्याइतका किंवा २५० रुपये, यांत जो जास्त तो. पैसे दिले नाहीत तर कलम १३९ प्रमाणे तो उतारूला गाडीतून उतरवू शकतो, आणि त्या कामी इतरांना मदतीला बोलावू शकतो. मात्र बरोबर पुरुष नसलेली बाई किंवा मूल असेल, तर उतरवायचे ते दिवसाउजेडीच. तेही कुठेही नाही! प्रवास सुरू झाला ते स्टेशन, एखादे जंक्शन, मार्गाचे शेवटचे स्टेशन किंवा जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणचे स्टेशन, एवढ्याच जागी.

आता हे आपल्या जिल्ह्याला लावून पाहा. जिल्ह्याचे ठिकाण बुलढाणा, तिथे तर रेल्वेच नाही. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गजबजलेली खरी, पण जंक्शन नव्हेत. उरले जलंब, कारण खामगावचा फाटा तिथून फुटतो. आणि त्या फाट्याच्या टोकाचे खामगाव. आपल्या त्या बाईला रात्री यांपैकी कुठेच उतरवता यायचे नाही. प्रवास फुकट झाला असा मात्र याचा अर्थ नव्हे. देणे राहतेच, आणि ते वसूल करण्यासाठी मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो.

अटकेचे काय? इथे कायदा मोठा चमत्कारिक वाटतो. बिनतिकीट माणसाला वॉरंटाशिवाय अटक करायची तर केंद्र सरकारने आदेश काढून अधिकार दिलेला अधिकारीच लागतो, नुसते टी.सी. असून भागत नाही. पण उतारूंच्या जिवाला धोका होईल अशा रीतीने कोणी धावत्या गाडीवर दगड मारला, किंवा गाडी पाडण्याचा घाट घातला, तर कलम १७९ प्रमाणे रेल्वेचा कोणताही नोकर त्याला पकडू शकतो. साधा सांधेवालासुद्धा! भाडे बुडाले तर पुढे वसूल होईल. रुळावर ठेवलेला ओंडका शिपायाची वाट पाहत नाही.

दारू पिऊन डब्यात धिंगाणा घालणाऱ्याला, किंवा बायकांच्या डब्यात घुसलेल्या पुरुषाला, बाहेर काढण्याची मुभाही रेल्वेच्या कोणत्याही नोकराला आहे. ते काढणे झाले, अटक नव्हे. अटक झालीच, तर प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत जवळच्या मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे लागते, मग पकडणारा फौजदार असो की सांधेवाला.