धान्यापलीकडचं रेशन कार्ड

अन्नसुरक्षा कायदा २०१३ सालचा. त्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं. पाच माणसांच्या घरात २५ किलो गहू-तांदूळ आला की महिन्याचा एक मोठा घोर मिटतो. पण हातावर पोट असलेलं घर मोडतं ते बहुतेक वेळा दवाखान्यात. कमावता माणूस पडला की मजुरी थांबते, बिल सुरू होतं, मोठ्या मुलीची शाळा सुटते आणि मंगळसूत्र सोनाराकडे जातं. यातल्या जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर महाराष्ट्रात मदतीची काही ना काही सोय आहे. काही सरकारी आहेत, एक हायकोर्टाच्या आदेशाने चालते, काही संस्था स्वतःच्या बळावर चालवतात. मात्र त्या वेगवेगळ्या टेबलांवर आहेत आणि कुठे आधी जायचं, हे सांगायला कोणी भेटत नाही. म्हणून हा क्रम.

समजा, पुण्यात हडपसरला राहणारं एक कुटुंब आहे. नवरा रंगकाम करतो, बायको चार घरची धुणीभांडी करते, दोन मुलं शाळेत आहेत. कार्ड केशरी. नवरा परांचीवरून पडला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करून आत इम्प्लांट बसवावं लागणार.

पहिली चौकशी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ मध्ये तिला आजचं नाव मिळालं आणि पुढे केंद्राच्या आयुष्मान भारतशी ती जोडली गेली. जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि कार्डाच्या रंगाची अट उरलेली नाही, शुभ्र कार्डवालेही त्यात आले. योजना चालते ती ‘अंगीकृत’ रुग्णालयांतच. अशा रुग्णालयात दाराजवळ आरोग्यमित्राचं टेबल असतं. तो कार्ड आणि आधार तपासतो, डॉक्टरांचे कागद संगणकावर चढवतो आणि उपचाराची पूर्वमंजुरी मागवतो. मंजुरी आली की उपचार, औषधं, रुग्णाचं जेवण, अगदी घरी परतायचं एसटीचं भाडंसुद्धा पॅकेजमध्ये धरलेलं असतं. कोणतं रुग्णालय अंगीकृत आहे, हे १५५३८८ या क्रमांकावर विचारता येतं.

आता खरी अडचण. पेशंट पडतो तेव्हा रिक्षावाला जवळच्या दवाखान्यात नेतो, आणि ते अंगीकृत असेलच असं नाही. किंवा असलं तरी हा उपचार योजनेच्या यादीत बसत नाही, असं उत्तर मिळतं. बहुतेक घरं इथेच हात टेकतात आणि पैशाच्या मागे लागतात. खरं तर इथे दुसरं दार आहे, आणि माझ्या मते गरीब रुग्णासाठी ते सर्वांत मोलाचं, पण सर्वांत कमी ठाऊक असलेलं आहे: धर्मादाय रुग्णालयाची योजना.

शहरातली अनेक मोठी, काचेच्या दारांची रुग्णालयं कागदोपत्री सार्वजनिक न्यास आहेत. न्यास म्हणून त्यांना सवलती मिळतात, आणि त्या बदल्यात सार्वजनिक न्यास कायद्याच्या ४१ अअ या कलमाने गरीब रुग्णांची जबाबदारी त्यांच्यावर टाकली आहे. कलम होतं, पण ते अमलात कसं आणायचं याची चौकट नव्हती. ती मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली घालून दिली. अशी चारशेहून अधिक रुग्णालयं राज्यात आहेत.

चौकट अशी आहे. एकूण खाटांपैकी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी सवलतीच्या. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर दुर्बल. केशरी कार्ड एक लाखापर्यंतच्या उत्पन्नाला मिळतं, म्हणजे आपलं रंगाऱ्याचं कुटुंब सरळ निर्धन गटात बसतं. खर्च कुठून येतो? बाकीच्या रुग्णांच्या बिलाच्या दोन टक्के रक्कम रुग्णालयाने ‘निर्धन रुग्ण निधी’ नावाच्या वेगळ्या खात्यात टाकायची असते. त्या खात्यालाच सगळे ‘आयपीएफ’ म्हणतात, आणि काउंटरवर हाच शब्द वापरला तर समोरचा माणूस लगेच सावरून बसतो.

बिल कसं होतं ते पाहण्यासारखं आहे. खाट, निवासी डॉक्टर, नर्सिंग, चादरी, पाणी, वीज, नेहमीच्या तपासण्या, आणि रुग्णालय देत असेल तर जेवण, यांचा पैसा लावायचाच नाही. बाकीच्या सेवा सर्वांत खालच्या वर्गाच्या दराने. औषधं, इम्प्लांट आणि इतर साहित्य रुग्णालयाला ज्या भावात पडलं त्याच भावाने, छापील किमतीने नव्हे. निर्धन रुग्णाचा हा खर्च निधीतून वळता होतो. दुर्बल गटातल्या रुग्णाला औषधं आणि साहित्याच्या बिलातला किमान निम्मा भाग भरावा लागतो. समजा, इम्प्लांट आणि औषधं खरेदीभावाने ६० हजारांना पडली. निर्धन रुग्ण काही देत नाही, दुर्बल रुग्ण ३० हजारांपासून पुढे देतो. उत्पन्नाच्या दाखल्यावर लिहिलेल्या एका आकड्याने एवढा फरक पडतो.

तातडीच्या रुग्णाबद्दल चौकट स्पष्ट आहे. जीव धोक्यात असलेल्या निर्धन किंवा दुर्बल रुग्णाला ताबडतोब दाखल करायचं, प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार द्यायचे आणि अनामत रक्कम मागायची नाही. कागद नंतर.

आता हे सगळं घडवून आणणारी व्यक्ती. धर्मादाय रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक असतो, बहुतेक ठिकाणी समाजसेविका. बिलिंगच्या मागच्या एखाद्या छोट्या खोलीत टेबल, त्यावर फायलींची चळत, समोर दोन खुर्च्या. ती कार्डाची दोन्ही बाजूंची झेरॉक्स घेते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मागते. घरात मिळवते किती, भाडं किती, गावाकडे जमीन आहे का, याआधी कुठून मदत घेतली, हे विचारून फॉर्मवर लिहिते. हे प्रश्न अपमान करायला नसतात. निधीतून पैसे गेले की त्याचा हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला द्यावा लागतो, म्हणून त्या फॉर्मला महत्त्व आहे. तिथे संकोचून उत्पन्न वाढवून सांगणारी माणसं पुष्कळ असतात. चारचौघांत गरिबी सांगायला जीव कचरतो, हे समजण्यासारखं आहे. पण तिथे जे खरं आहे ते तसंच सांगावं.

आणि तिला भेटायचं ते दाखल होतानाच. बहुतेक नातेवाईक डिस्चार्जच्या दिवशी, अंतिम बिल हातात पडल्यावर तिच्याकडे धावतात. तोवर रुग्ण सर्वसाधारण म्हणून नोंदलेला असतो, वरच्या वर्गाच्या खोलीत ठेवलेला असतो, औषधं बाहेरून आणलेली असतात. मग निर्धन खाटेची नोंद मागे जाऊन करणं अवघड होतं. खाटा भरल्या आहेत किंवा निधी संपला आहे, असं उत्तर मिळालं तर ते लेखी मागावं आणि जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज द्यावा. या योजनेवर देखरेखीसाठी तिथे समिती असते. तोंडी नकाराची नोंद कुठेच होत नाही, त्यामुळे त्याची दादही लागत नाही.

सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांतही समाजसेवा विभाग असतो. मुंबईत केईएम, सायन, नायर इथे ‘पुअर बॉक्स चॅरिटी फंड’ आहे, बाहेरून आणावं लागणारं साहित्य त्यातून मिळू शकतं. मुख्यमंत्री सहायता निधी आणि मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिर न्यासासारख्या ठिकाणी अर्ज करायचा तर रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. ते डॉक्टरांच्या सही-शिक्क्यासह सुरुवातीलाच मागून घ्यावं.

बिलाशिवायही खर्च असतो, आणि तो कुठल्याच पॅकेजमध्ये नसतो. धाराशिवकडचा कॅन्सरचा रुग्ण मुंबईला टाटा रुग्णालयात येतो, उपचार महिनोन्‌महिने चालतात, सोबतचा माणूस राहणार कुठे? परळच्या फुटपाथवर चादर अंथरलेली कुटुंबं आजही दिसतात. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा रुग्णांसाठीच चालते. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे, ही समिती १९६८ पासून काम करते. अशा ठिकाणी प्रवेश बहुधा रुग्णालयाच्या पत्रावर मिळतो, म्हणजे पुन्हा समाजसेविकाच. येण्याजाण्यासाठी रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला शयनयान आणि थ्री-टियर वातानुकूलित डब्यात पूर्ण भाडं माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के सवलत. त्यासाठी रुग्णालयाच्या प्रमाणपत्राचा ठरावीक नमुना असतो, तो तिथूनच भरून घ्यायचा. डायलिसिस, सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना एसटीच्या साध्या बसने मोफत जाता येतं.

रंगारी घरी आला की वॉकर लागणार, कदाचित वरखाली होणारी खाट. विकत घेण्याची घाई करू नये. महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांत रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं आहेत. कुणाच्या तळघरात, कुणाच्या देवळाच्या ओवरीत, तर कुठे एखाद्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत. व्हीलचेअर, कमोडची खुर्ची, हवेची गादी, ऑक्सिजनचं यंत्र नाममात्र भाड्याने मिळतं, अनामत परत होते. वर्षानुवर्षं कसलीही पाटी न मिरवता ही कामं चालतात. गरजेच्या वेळी अशी एक गादी पाठीवरच्या जखमा टाळते, ते काम औषधाच्या तोडीचं आहे.

तरी तीन महिने मजुरी नाहीच. इथे बायकोचा बचत गट उपयोगी पडतो. गटाच्या अंतर्गत कर्जासाठी तारण लागत नाही, निर्णय बैठकीत मैत्रिणीच करतात, आणि व्याजही गटाच्याच पेटीत राहतं. सावकाराकडे जाण्याआधी गटाकडे जाणं शहाणपणाचं. नवरा बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदलेला असेल तर मुलांची शिष्यवृत्तीही मिळू शकते. वर्षात ९० दिवस काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराला ही नोंदणी करता येते, रंगारीही त्यात येतो. पण ती अपघाताआधी झालेली हवी.

आजार लांबला, पालक गंभीर आजारी झाले किंवा गेले, तर दोन योजना लक्षात ठेवाव्यात. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत अशा घरातल्या मुलाला १८ वर्षांचा होईपर्यंत महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे. मूल अनाथ असलं तरच ही योजना, असा गैरसमज सर्रास आहे. एकच पालक असलेल्या किंवा पालक दुर्धर आजारी असलेल्या मुलांसाठीही ती आहे. दुसरी संजय गांधी निराधार योजना, महिन्याला १,५०० रुपये, दिव्यांगांना २,५००. विधवा, दिव्यांग, तसंच कॅन्सर, क्षय, पक्षाघातासारख्या आजारांनी कामातून गेलेली माणसं तिला पात्र ठरतात. दिव्यांग सोडून इतरांसाठी तिची उत्पन्नाची अट मात्र वर्षाला २१ हजार आहे. महिन्याला १,७५० रुपयांत जगणारं कुटुंब आज कुठल्या तालुक्यात सापडेल? ही मर्यादा तातडीने वाढवायला हवी. ज्यांच्यासाठी योजना आहे त्यांनाच या अटीमुळे खोटा दाखला मिळवण्याची वेळ येते.

या सगळ्या दारांवर लागणारे कागद थोडेच आहेत: घरातल्या प्रत्येकाचं नाव असलेलं रेशन कार्ड, त्याचा बारा अंकी ऑनलाइन क्रमांक, आधार, आयुष्मान कार्ड आणि चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला. दाखला सेतू केंद्रातून काढता येतो, पण त्याला पंधरा दिवसही लागू शकतात, आणि खुब्याचं हाड तेवढं थांबत नाही. सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी होऊन सासरच्या कार्डात चढलेलं नसणं ही नेहमीची अडचण. ती दाखल होण्याच्या रात्री सुटत नाही.

हा लेख वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी कुणीतरी स्वयंपाकाला, धुण्याभांड्याला, गाडी पुसायला येत असेल. या आठवड्यात त्यांच्याशी दहा मिनिटं बोला. कार्डावर सगळ्यांची नावं आहेत का, आयुष्मान कार्ड काढलंय का, दाखला कोणत्या वर्षाचा आहे, विचारा. नसेल तर एक दिवस सुट्टी द्या, पगार कापू नका, जमल्यास सेतूत सोबत जा. आणि एक गोष्ट त्यांच्या फोनमध्ये लिहून द्या: दवाखान्यात दाखल होताच, पैसे भरायच्या आधी, समाजसेविका कुठे बसते ते विचारायचं.