काचेतल्या भुतांचे फोटो

कॅलिफोर्नियातील डिस्नीलँडमध्ये ९ ऑगस्ट १९६९ रोजी खुल्या झालेल्या ‘हाँटेड मॅन्शन’ या भूतबंगल्यात सर्वांत गाजले ते नृत्यदालन. प्रेक्षक सतत पुढे सरकणाऱ्या काळ्या बग्गीत बसून उंचावरून खाली पाहतात. खाली जेवणाचे लांबलचक टेबल मांडलेले असते आणि त्याच्या आसपास आरपार दिसणारी भुते गिरक्या घेतात, विरतात, पुन्हा उमटतात. डोळ्यांना सहज दिसणारा हा देखावा फोटोत मात्र बहुधा काळोख किंवा फराटा होऊन उतरतो.

ही भुते म्हणजे काचेतील प्रतिबिंबे. रात्रीच्या एसटीत दिवा लागला की खिडकीच्या काचेत प्रवाशाचा चेहरा बाहेरच्या अंधारावर तरंगू लागतो, तत्त्व तेच. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत जॉन हेन्री पेपर यांनी १८६२च्या नाताळात डिकन्सच्या कथेवरील प्रयोगात ही युक्ती रंगमंचावर आणली. मूळ कल्पना हेन्री डर्क्स यांची, पण ती ओळखली जाते ‘पेपर्स घोस्ट’ याच नावाने. डिस्नीच्या दालनात भुतांच्या यांत्रिक बाहुल्या प्रेक्षकांच्या वाटेच्या वर आणि खाली, नजरेआड असतात. त्यांच्यावरचा दिवा मंद केला की भूत विरते.

साध्या काचेवर ४५ अंशांत पडलेल्या प्रकाशापैकी एका पृष्ठभागावरून जेमतेम ५ टक्के परततो. एवढ्यावरच भूत उभे असते. म्हणूनच फ्लॅश इथे घातक. तो काचेवर चमकतो, काचेपलीकडचे खरे सामान उजळतो आणि फिके प्रतिबिंब त्यात बुडून जाते. शिवाय अंधाराला सरावलेले शेजाऱ्यांचे डोळे दिपतात. राइडमध्ये फ्लॅशला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे.

मग उरतो आहे तोच प्रकाश वेचणे. एफ/४ऐवजी एफ/२ लेन्स वापरली तर चौपट प्रकाश आत येतो. शटर जास्त वेळ उघडे ठेवण्याची सोय नाही, कारण बग्गीही हलते आणि भुतेही. सेकंदाच्या तिसाव्या भागापेक्षा संथ शटर असेल तर गिरकीचा धूर होतो. आयएसओ वाढवला की चित्र उजळते, पण प्रकाशकण वाढत नाहीत. संवेदकाच्या एका ठिपक्यावर सरासरी १०० प्रकाशकण पडले तर त्यांत सुमारे १० कणांचा, म्हणजे १० टक्के चढउतार असतोच. १०,००० पडले तर तो १ टक्क्यावर येतो. अंधाऱ्या फोटोतले दाणे प्रामुख्याने या चढउताराचे असतात.

फोकसची अडचण याहून चमत्कारिक. प्रतिबिंब काचेवर नसते. बाहुली काचेच्या अलीकडे जितकी दूर, तितकेच ते पलीकडे असते. स्वयंचलित फोकस काचेवरच्या धुळीत किंवा बोटाच्या ठशात अडकला तर भूत पुसट येते. तो हाताने, दूरच्या सामानावर लावावा. ध्रुवक फिल्टर तर काढूनच ठेवावा. एरवी काचेवरची नकोशी चकाकी घालवणारा हा फिल्टर इथे भूतच घालवू शकतो, कारण तिरक्या परावर्तनात प्रकाश मोठ्या प्रमाणात ध्रुवित झालेला असतो.

फोटो नीट उतरला, तर बग्गीतून निसटलेली एक गोष्ट त्यात निवांत पाहता येते. नाचणाऱ्या जोड्यांत पुढाकार पुरुषाऐवजी स्त्रीच्या हातांत दिसतो. आरशाप्रमाणे काचेतही डावे-उजवे उलटलेले असते.